पिशवीत न मावणारं झाड

मंडळी, सरकारी फॉर्म घरात आला की घरातली माणसं जरा बदलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. एरवी सरळ खरं बोलणारा माणूस हातात पेन आलं की थांबून थांबून खरं बोलायला लागतो. रकाना भरताना तो खिडकीबाहेर बघतो, बायकोकडे बघतो, छताकडे बघतो. मी कुणाला नावं ठेवत नाही. मीही भरले आहेत असे फॉर्म.

रोपवाल्यांच्या घरी वादळाच्या नुकसानीचा फॉर्म आला मंगळवारी. वादळ येऊन गेलं होतं त्याआधीच्या शनिवारी, दुपारी जेवणाच्या वेळी. पंचवीस मिनिटं वारा आणि मधली सात-आठ मिनिटं गारा, बस्स. पण तेवढ्यात रस्त्याकडेच्या त्यांच्या नर्सरीची जी दशा झाली ती बघवत नव्हती. रोपांवर सावली धरणारी हिरवी जाळी, जिला शेडनेट म्हणतात, ती फाटून समोरच्या गॅरेजवर जाऊन बसली होती. लोखंडी पाइप वाकले होते. गुलाब, डाळिंब, अंजीर, जास्वंद, सगळी रोपं पिशव्यांसकट आडवी झाली होती. आणि फाटकाजवळची लिंबोणी उन्मळून पडली होती, अर्धी मुळं वर आणि अर्धी अजून मातीत.

ही लिंबोणी साधी नव्हती. ज्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून रोपांवर बांधतात, त्याला या धंद्यात मातृझाड म्हणतात. रोपवाल्यांच्या वडिलांनी लावलेलं हे मातृझाड. त्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक अंगणातलं लिंबू या एकाच झाडाची लेक किंवा नात होती. गिऱ्हाईक आलं की रोपवाले आधी लिंबोणीला हात लावून सांगायचे, "आईची ओळख करून घ्या, मग मुलगी घरी न्या."

तर असा हा माणूस. वाटेतला गांडूळ उचलून वाफ्यात ठेवणारा. रोप मेलं म्हणून कुणी परत आलं तर पैसे न घेता दुसरं देणारा आणि वर "तुमचं चुकलं नाही, त्याचंच मन लागलं नसेल" असं म्हणणारा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो जे वागला ते ऐकून तुम्ही त्याच्यावर चिडणार आहात.

त्याच्या नर्सरीत कलमं बांधायला एक मावशी होत्या. रोपवाल्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या. वय किती विचारलं तर म्हणायच्या, लिंबोणीपेक्षा जास्त. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम वाढवलेलं असे, आणि तेच त्यांचं हत्यार. रोप जिवंत आहे की गेलं, हे कळायला त्या सालीवर नख ओढत. आत हिरवं दिसलं तर म्हणत, "आहे." तपकिरी दिसलं तर, "गेलं." एवढंच. बाकी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, पण या दोन शब्दांच्या बाबतीत मावशी फार काटेकोर होत्या.

रविवारी रोपवाल्यांच्या बायकोने वही घेऊन ओळीने मोजणी केली होती. बाई हिशेबाला पक्की. दोन हजार रोपांपैकी वादळाने मारली होती आठशे. म्हणजे शंभरात चाळीस. साठ जिवंत होती, पण त्यातली बरीच आजारी होती. पानं झडलेली, मुळं उघडी पडलेली, लगेच छाटून, सावलीत ठेवून पाणी दिलं तर वाचतील अशी.

आता फॉर्ममध्ये काय होतं ते नीट ऐका. रोपांचे रकाने दोनच, मृत आणि जिवंत. निम्मी किंवा त्याहून जास्त रोपं मेली असतील तरच रोपांसाठी मदत मिळेल. मातृझाड मेलं असेल तर त्याचे पैसे वेगळे. आणि खाली एक ओळ: आठ दिवसांत पाहणी होईल, तोपर्यंत नुकसान जसंच्या तसं ठेवावं.

रोपवाल्यांनी ते तीनदा वाचलं. चाळीस. हवी होती पन्नास. निम्म्याला दहा कमी! उन्हाळा दीड महिन्यावर आला होता. जाळीशिवाय उन्हाळा म्हणजे उरलेली साठही जायची, आणि मग नर्सरीच्या पाटीखाली बसून करायचं काय?

तेवढ्यात मेहुणेबुवा आले. हे बायकोचे धाकटे भाऊ. दोन रस्ते पलीकडे त्यांचीही नर्सरी. माणूस मनाने वाईट नाही, पण अक्कल वाटायची हौस दांडगी. त्यांनी बसल्या बसल्या तीन पोळ्या खाल्ल्या, फॉर्म वाचला, आणि बोट पुसत उपाय सांगितला.

"भाऊजी, तुम्हाला खोटं लिहायचं नाही ना? नका लिहू. फक्त झारीला हात लावू नका. वाऱ्याने अर्धवट टाकलेलं काम ऊन पुरं करेल. जसंच्या तसं ठेवा असं त्यांनीच लिहिलंय की."

सगळ्याच नर्सऱ्यांत असं चाललंय, हेही त्यांनी सांगितलं. लिंबोणीला तर मुळीच हात लावू नका, म्हणाले, तिचे वेगळे मिळतात.

रोपवाल्यांच्या बायकोने ताटं उचलली, तीही जरा आपटतच. रोपवाले बराच वेळ फॉर्मकडे बघत बसले आणि मग बाहेर जाऊन मावशींना म्हणाले की पाहणी होईपर्यंत काही हलवायचं नाही, काही छाटायचं नाही आणि पाणीही नको. आठच दिवसांचा प्रश्न आहे.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. "आठ दिवस?" एवढंच विचारलं. मग गप्प झाल्या. मावशी गप्प झाल्या की नर्सरीतल्या प्रत्येकाला चुकल्यासारखं व्हायचं, आणि रोपवाल्यांना तर फारच झालं. पण ते तसेच घरात गेले.

बुधवारी सकाळी सवयीने त्यांनी झारी उचलली. नळापर्यंत गेले. आठवण झाली. रिकामी झारी हातात घेऊन ते वाफ्यांमधून एक फेरी मारून आले आणि झारी जागेवर ठेवली. गुरुवारीही तेच. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला हसू यावं की रडू हे कळेना. संध्याकाळी तिने भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि रोपवाल्यांनी ती भाजी काही न बोलता संपवली.

शुक्रवारी तिने पुन्हा मोजणी केली तर बावन्न रोपं गायब! मेलेली नव्हेत, जिवंतही धड नव्हेत, ती आजारी ओळीतलीच. तिने दोनदा मोजलं. शनिवारी आणखी एकवीस कमी. चोर तरी कसा म्हणायचा हा? दारातला टपोऱ्या कळ्यांचा गुलाब सोडून हा गृहस्थ माना टाकलेली रोपं नेत होता.

रोपवाल्यांचा पहिला संशय गेला मेहुणेबुवांवर. स्वतःच्या फॉर्ममधला आकडा फुगवायला यानेच आपली मरायला टेकलेली रोपं नेली असणार! ते तडक त्यांच्याकडे गेले. मेहुणेबुवांना ते फार लागलं. त्यांनी रोपवाल्यांना हाताला धरून सगळी नर्सरी फिरवली, सुकलेल्या ओळींवरून हात फिरवत म्हणाले, "माझ्याकडे मेलेल्यांची टंचाई आहे का भाऊजी?" आणि ते खरंच होतं. रोपवाले त्या ओळीसमोर थांबले. आपली ओळही आता अशीच दिसत असेल, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं.

मंगळवार आला, पाहणीवाल्या मॅडम आल्या नाहीत. ऑफिसात फोन केला तर कळलं की यादी मोठी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. म्हणजे आठाचे पंधरा झाले. आता इतके दिवस थांबलोय तर थांबू, असं रोपवाले स्वतःशीच म्हणाले. मंडळी, चुकीच्या वाटेवर हे वाक्य हटकून भेटतं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मावशी घरी निघाल्या तेव्हा रोपवाले फाटकात उभे होते. मावशींची कापडी पिशवी सकाळी येताना चपटी असायची, आत नुसता डबा. आता ती चांगली फुगलेली होती, आणि वरून डाळिंबाचं एक टोक डोकावत होतं. मावशींनी ते पदराने झाकलं आणि "येते रे" म्हणून निघून गेल्या. रोपवाल्यांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग ते त्यांच्या घराकडे चालू लागले. लपतछपत नाही, सरळ रस्त्याने. आपण नक्की काय बोलणार आहोत ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मावशींचं घर दोन खोल्यांचं. मागे धुणं धुवायची फरशी आणि तीवर कपड्यांच्या दोऱ्या. रोपवाले बाजूच्या बोळातून मागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

दोऱ्यांवर ओल्या चादरी पसरल्या होत्या. निळ्या फुलांची एक, चौकड्यांची एक, एक जुना पडदा. त्यांच्या सावलीत रोपं. तेलाच्या डब्यांत, कान तुटलेल्या मगांत, दुधाच्या पिशव्यांत, मुठीविना प्रेशर कुकरात, लहान मुलाच्या जुन्या टबात. सगळी छाटून बोटभर केलेली. आणि जवळजवळ प्रत्येकावर कुठे ना कुठे मोहरीएवढा हिरवा ठिपका. दीडशे तरी असतील.

मावशी फरशीवर बसून डाळिंबाची मुळं बघत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"चोरी केली आहे मी," त्या म्हणाल्या. "बस. पाणी देऊ?"

रोपवाले उलट्या बादलीवर बसले. पाणी प्यायले. मग जे मनात होतं ते बोलून टाकलं. निम्म्याच्या वर गेलं नाही तर काही मिळणार नाही, हे मावशींना ठाऊक नव्हतं का? जाळी कुठून आणायची? उन्हाळ्यात सगळंच गेलं तर मावशींना तरी काम कुठून देणार? बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि शेवटी बसला.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. हात पदराला पुसले.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "वादळाने मारली, त्यांची भरपाई देणारे देतील. तू मारलीस त्यांची कोण देणार? मदत कशाला असते रे? पडलेल्याला उठायला हात लागतो, म्हणून. तू तर उठू बघणाऱ्याला खांदा दाबून खाली बसवतोयस, का तर अजून पडलेला दिसावा म्हणून."

रोपवाल्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"आणि तो पैसा काय ऑफिसातल्या बाईच्या पर्समधला आहे? तुझ्याकडे गुलाब न्यायला येणाऱ्या मास्तरीणबाईंचा आहे, समोरच्या गॅरेजवाल्याचा आहे, माझाही आहे. साबणाची वडी घेतली तरी मी त्यात भर घालते. ओढ्याकाठच्या भाजीरोपवाल्याचं काही उरलं नाही, अख्खा वाफा वाहून गेला. त्याच्या ताटातलं तू वाढून घेणार, तेसुद्धा स्वतःची रोपं तहानेने मारून. तुझ्या बापाने तुला हे शिकवलं नाही, आणि मीही नाही."

"आणि जाळी?" रोपवाल्यांनी हळूच विचारलं.

मावशींनी मान वर केली. वर निळ्या फुलांची चादर हलत होती. "ही काय जाळीच आहे की," त्या म्हणाल्या. "गावात जुन्या चादरी नाहीत होय? मागितल्यास का कधी?"

मग त्या जरा थांबल्या. आवाज खाली आला.

"दिसेल ते आणि पिशवीत मावेल ते आणलं. रोज फाटकातून जाताना लिंबोणी माझ्याकडे बघते. ती पिशवीत मावत नाही रे. नाहीतर तिलाही आणली असती."

त्यांनी रोपवाल्यांचा हात धरला आणि डाळिंबाच्या काडीवर ठेवला. "नख लाव."

रोपवाल्यांनी आखूड नखाने साल खरवडली. एकदा, दोनदा. आत हिरवं होतं. ओलं, कोवळं, डोळ्यांत भरेल असं हिरवं.

"आहे," ते म्हणाले. दुसऱ्याच क्षणी ते ताडकन उठले. "मावशी, लिंबोणी!"

दोघं जवळजवळ धावतच निघाली. म्हणजे रोपवाले धावत होते आणि मावशी मागून त्यांना "पड आता, म्हणजे तुझाही फॉर्म भरू" असं ओरडत होत्या. उजेड जायला अजून तास होता.

लिंबोणी बारा दिवस पडून होती. पानं वाळून कुरकुरीत झाली होती. मावशी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. शेंड्याच्या फांदीला नख लावलं. "गेलं." दुसरी फांदी. "गेलं." तिसरीलाही तेच. रोपवाल्यांची बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली होती. मावशी खोडावरून खाली खाली येत गेल्या आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर, मातीत राहिलेल्या मुळांच्या बाजूला थांबल्या. नख ओढलं. वाकून बघितलं. पुन्हा ओढलं.

"बघ बाई तू," त्या रोपवाल्यांच्या बायकोला म्हणाल्या. "माझे डोळे भरलेत, मला दिसेना."

बायकोने वाकून पाहिलं. दोऱ्याएवढी एक हिरवी रेघ. "आहे," ती म्हणाली. "मावशी, आहे!"

मग काय विचारता! मेहुणेबुवांना फोन गेला, ते दोर घेऊन स्कूटरवरून आले. पोहोचताच त्यांनी हा शुद्ध वेडेपणा असल्याचं जाहीर केलं, लिंबोणीचे वेगळे मिळतात याची आठवण करून दिली, आणि मग दोर ओढायला सगळ्यांत पुढे तेच लागले. गॅरेजवालाही आला. वाळलेल्या फांद्या छाटल्या, खड्डा केला, एक-दोन-तीन म्हणून खोड सरळ केलं आणि वादळाने वाकवलेल्या त्याच पाइपांचा टेकू दिला. रोपवाल्यांनी नळाखाली झारी धरली. नऊ दिवसांनी तिच्यात पाणी पडलं. ते घालायच्या घाईत निम्मं पाणी बायकोच्या पायांवर गेलं. ती एरवी ओरडली असती. आज तिने पदर डोळ्यांना लावला आणि दुसरी झारी भरून आणली.

दुसऱ्या दिवसापासून नर्सरीत चादरी यायला लागल्या. मास्तरीणबाईंनी चार दिल्या. लिंबू नेलेल्या प्रत्येक घरातून एक तरी आली. कुणी हत्तींच्या चित्रांची दिली, कुणी विटलेली गुलाबी. रोपवाले ओळीओळीने रोपं छाटत, पाणी देत, नख लावत फिरू लागले. पण काहींच्या बाबतीत उशीर झाला होता. वादळातून वाचलेली दोनशे वीस रोपं तहानेने गेली होती.

आणि इथे खरा पेच आला. मंगळवारी संध्याकाळी बायकोने शेवटची मोजणी केली. वही मिटली आणि म्हणाली, "एक्कावन्न."

शंभरात एक्कावन्न मृत. निम्म्याच्या वर!

मेहुणेबुवा खुर्चीतून उठलेच. आता तर काही खोटं बोलायलाच नको, म्हणाले. रोपं खरीच मेली आहेत, मॅडम मोजतील, लिहितील, सही करतील. नुसतं गप्प राहायचं. रोपवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली की आकडा मी सांगितला, पुढचं तुम्ही बघा, मात्र मला उद्या सकाळी तोंड न लपवता उठता आलं पाहिजे.

बुधवारी दहाला पाहणीवाल्या मॅडम आल्या. चिखलाने भरलेले बूट, खांद्याला फायलींची पिशवी, चेहरा थकलेला. त्या ओळींमधून चालत गेल्या, हत्तींच्या चादरीखाली क्षणभर थांबल्या. मावशी नख लावून दाखवत गेल्या तशी मोजणी बरोबर असल्याचं त्यांनी पाहिलं आणि पेन काढलं. "मृत, एक हजार वीस," त्या लिहायला लागल्या.

"मॅडम, थांबा," रोपवाले म्हणाले.

मेहुणेबुवांनी मागून त्यांना चिमटा काढला. तो चांगलाच बसला असणार, कारण रोपवाले जरा वाकडे झाले, पण बोलायचे थांबले नाहीत.

"वादळाने मारली ती आठशे. वरची दोनशे वीस मी मारली. नऊ दिवस पाणी तोडलं मी त्यांचं, निम्म्याच्या वर आकडा जावा म्हणून. ती वादळाच्या नावावर धरू नका."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"पाणी घालू नका असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "जसंच्या तसं ठेवा म्हणजे मेलेली फेकून देऊ नका, मला मोजता यावीत म्हणून. जिवंत मारून ठेवा असं नव्हे हो. काल-परवात मी सात नर्सऱ्या बघितल्या. सातही कोरड्या. मला वाटलं, या भागात नळालाच पाणी नाही."

त्या एका पालथ्या कुंडीवर बसल्या. बुटांकडे बघत म्हणाल्या की चूक एकट्या तुमची नाही. आम्ही आठ दिवस सांगतो आणि पंधरा दिवसांनी येतो. फॉर्ममध्ये दोनच रकाने ठेवतो. वाचवणाऱ्याला काही नाही आणि मरू देणाऱ्याला मदत, असा फॉर्म आम्हीच छापला. पण मग त्यांनी स्पष्टच सांगितलं की आठशे म्हणजे निम्मी भरत नाहीत, रोपांची मदत बसणार नाही, त्यात त्या काही करू शकत नाहीत. लिंबोणी जिवंत आहे, तिचेही नाहीत. जाळीचं आणि पाइपांचं वेगळं आहे, ते मिळेल, पण थोडं.

"चालेल," रोपवाले म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, ते मी लपवत नाही. पण कितीतरी दिवसांनी ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत होते.

मॅडमनी टोपण पुन्हा काढलं. फॉर्मच्या तळाशी शेरा लिहायला दोन ओळींची जागा असते, तुम्हाला ठाऊक आहे. कुणी तिथे काही लिहीत नाही. मॅडमनी दोन ओळी भरल्या, मग समासात लिहिलं, मग कागद उलटा केला. जाता जाता त्यांनी वाचून दाखवलं: वाचवता येण्याजोगी रोपं असा तिसरा रकाना असावा, ती वाचवण्याच्या मजुरीलाही मदत मिळावी, आणि पाहणीआधी पाणी द्यावं असं ठळक अक्षरांत छापावं. वरचे लोक ऐकतील की नाही ते मला माहीत नाही, म्हणाल्या, पण लिहिलं नाही तर नक्कीच ऐकणार नाहीत.

मग त्या मावशींकडे वळल्या आणि तुमचं ते नख लावून बघणं मला शिकवाल का, असं विचारलं. पुढच्या नर्सऱ्यांत बरोबर याल का? अजून नऊ आहेत यादीत, तिथे काही वाचलं तर वाचलं. मावशींनी डबा पिशवीत टाकला आणि त्या तयार झाल्या.

"पुढची कुठली?" रोपवाल्यांच्या बायकोने विचारलं.

मॅडमनी यादी बघितली. सगळ्यांनी मागे वळून मेहुणेबुवांकडे पाहिलं, तर मेहुणेबुवा जागेवर नव्हते. स्कूटरही नव्हती. दहा मिनिटांनी मॅडम आणि मावशी तिथे पोहोचल्या तेव्हा मेहुणेबुवा पाण्याचा पाइप हातात धरून भर ओळीत उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि "या या, आमचं रोजचंच चाललंय" असं म्हणत होते. मावशींनी त्यांच्या पहिल्याच गुलाबाला नख लावलं आणि म्हणाल्या, "आहे. तुझं नशीब." त्यांच्या नर्सरीतली साडेतीनशे रोपं त्या आठवड्यात वाचली. हा आकडा त्यांच्या बहिणीने मोजलेला आहे, तेव्हा खात्रीचा.

मदत आली ती दोन महिन्यांनी आणि जाळी झाली अर्ध्या नर्सरीपुरती. उरलेल्या अर्ध्यावर उन्हाळाभर हत्ती, चौकडे आणि निळी फुलं होती. ते बघायला म्हणून माणसं थांबायची आणि जाताना एखादं रोप घेऊन जायची. मावशींनी आपल्या मागच्या फरशीवरची रोपं एकेक करून परत आणली. रोपवाल्यांनी त्या दिवसांची मजुरी त्यांच्या हातात ठेवायचा प्रयत्न केला. मावशी म्हणाल्या, "चोरीची मजुरी घेऊ होय? माझा कुकर तेवढा परत दे."

लिंबोणीने मात्र सगळ्यांना ताटकळत ठेवलं. दीड महिना नुसता खुंट. मग एका सकाळी रोपवाले झारी घेऊन गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत, म्हणून बायको बघायला गेली. ते खोडासमोर उकिडवे बसले होते. सालीतून तीन कोंब निघाले होते. तिने काही विचारलं नाही, त्यांच्या शेजारी बसली.

त्या दिवसापासून रोपवाल्यांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं आहे. जेवताना त्यात माती दिसते म्हणून बायको रोज ओरडते आणि ते रोज ऐकून घेतात.

मंडळी, संकट तुमच्या-माझ्या दारातही येईल, आणि त्यामागून एखादा फॉर्मही येईल. मदत मागायला लाजू नका. ती तुमच्या हक्काची आहे, सगळ्यांनी मिळून साठवलेली आहे, पडलेल्याने उठावं म्हणून. पण तिच्यासाठी पडून राहू नका, आणि उभं असलेलं काही पाडू तर मुळीच नका. रकाने भरायच्या आधी एकदा आपल्या पडझडीत फिरून या, वाकून बघा, नख लावा. कुठेतरी दोऱ्याएवढं हिरवं असतंच. ते दिसलं की आधी पाणी, मग पेन.